गुन्हा, तपास आणि कबुली : बी. पी. सिंह यांच्या दूरचित्रवाणी-निर्मितीचा विचार

गुन्हा घडतो, त्याचा तपास होतो आणि अखेरीस न्याय मिळतो, असा तीन पायऱ्यांचा क्रम सामान्य माणसाच्या मनात रूढ झालेला असतो. यांपैकी दुसरी आणि तिसरी पायरी यांमध्ये केवढे अंतर आहे, याची कल्पना मात्र ज्याच्यावर खटल्याचा प्रसंग आला नाही त्यास क्वचितच असते. ज्याने न्यायालयाची पायरी कधी चढली नाही अशा मनुष्याला कायद्याचे ज्ञान होते ते ऐकीव गोष्टींतून, वृत्तपत्रांतून आणि रंजनाच्या साधनांतून. गेल्या पाव शतकात या साधनांपैकी दूरचित्रवाणीवरील गुन्हेतपासाच्या मालिकांनी महत्त्वाचे स्थान मिळविले. महाराष्ट्रात या प्रकाराची घडण ज्यांच्या हातून प्रामुख्याने झाली ते निर्माते-दिग्दर्शक म्हणजे बी. पी. सिंह होत. त्यांच्या कार्याचा आढावा घेऊन, त्यांनी सिद्ध केलेल्या कथारूपाचा प्रत्यक्ष कायद्याशी कोठे मेळ बसतो व कोठे बसत नाही, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. पूर्वपीठिका

न्यायालय हे नाट्यस्थळ आहे, ही जाणीव मराठी लेखकांस दूरचित्रवाणी येण्यापूर्वीच झालेली होती. आचार्य अत्रे यांचे ‘तो मी नव्हेच’ हे नाटक १९६२ साली रंगभूमीवर आले. त्याची सारी मांडणी खटल्याच्या कामकाजावर आधारलेली आहे. साक्षीदार एकामागून एक पिंजऱ्यात येतात आणि त्यांच्या जबान्यांतून आरोपीची निरनिराळी रूपे प्रेक्षकांपुढे उलगडत जातात. फिरत्या रंगमंचाचा उपयोग आणि प्रभाकर पणशीकर यांनी एकट्याने वठविलेल्या अनेक भूमिका यांमुळे हे नाटक गाजले, हे खरे. परंतु त्याच्या यशाचे मूळ कारण असे की, पुराव्याची साखळी कडी-कडीने कशी जुळत जाते, हे पाहण्यातला आनंद त्याने प्रेक्षकांस दिला. पुढे १९६७ साली विजय तेंडुलकर यांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ रंगभूमीवर आले. त्यात खटला खोटा, परंतु त्यातील क्रौर्य खरे. न्यायाचे बाह्य उपचार पाळूनही अन्याय कसा करता येतो, हा त्याचा विषय आहे. अत्रे यांच्या नाटकात न्यायालय सत्याचा शोध घेते, तर तेंडुलकरांच्या नाटकात न्यायालयाचे सोंग सत्याला झाकते. मराठीतील न्यायनाट्याची ही दोन टोके ध्यानात ठेवल्यास पुढील विवेचन सुलभ होईल.

मुंबईत दूरदर्शनचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. हिंदीत ‘करमचंद’ (१९८५) व ‘ब्योमकेश बक्षी’ (१९९३) या मालिकांनी खाजगी गुप्तहेराची परंपरा पडद्यावर आणली. या दोहोंतील नायक पोलीस नाहीत. एकटा, बुद्धिमान आणि काहीसा विक्षिप्त मनुष्य सरकारी यंत्रणेला मागे टाकून रहस्य सोडवितो, हे या जातीच्या कथेचे सूत्र असते. सिंह यांनी हे सूत्र बदलले. त्यांचा नायक ही एक व्यक्ती नसून पोलिसांचे एक पथक आहे. त्यांच्या निर्मितीचा पहिला विशेष तो हाच.

२. सिंह यांची वाटचाल

पुण्याच्या चित्रपट व दूरचित्रवाणी संस्थेत छायालेखनाचे शिक्षण घेऊन सिंह यांनी १९७०च्या दशकात मुंबई दूरदर्शनवर वृत्तविभागाचे कॅमेरामन म्हणून काम केले. या गोष्टीचे महत्त्व वरवर पाहता जाणवत नाही. वृत्तचित्रण करणारा मनुष्य घटना घडून गेल्यानंतर स्थळी पोहोचतो. तेथे गर्दी, पंचनामा करणारे पोलीस, विखुरलेल्या वस्तू आणि निरनिराळे सांगणारे साक्षीदार असतात, आणि त्यातूनच त्याला थोड्या वेळात काहीतरी सुसंगत असे उभे करावयाचे असते. गुन्हेतपासाची कथाही नेमकी याच ठिकाणी सुरू होते. घटनेनंतर तिच्या खुणांवरून मागे मागे जाणे, ही वृत्तीही दोहोंना समान आहे.

यानंतरचा टप्पा ‘एक शून्य शून्य’ या मराठी मालिकेचा होय. मुंबई दूरदर्शनवरील या मालिकेचे नाव पोलिसांना बोलाविण्याच्या त्या काळच्या दूरध्वनी क्रमांकावरून घेतलेले होते. आज आपत्कालीन साहाय्यासाठी ११२ हा एकच क्रमांक प्रचारात आला असला, तरी त्या पिढीच्या प्रेक्षकांच्या तोंडी शंभर हाच आकडा राहिला आहे. शिवाजी साटम आणि दीपक शिर्के हे या मालिकेत होते. साटम यांची भाषा, त्यांची संयत चर्या आणि मध्यमवर्गीय मराठी अधिकाऱ्याचा त्यांचा आविर्भाव यांतून पोलीस अधिकाऱ्याची एक ओळखीची प्रतिमा तयार झाली. तीच प्रतिमा पुढे हिंदीत गेली आणि देशभर पोहोचली. हिंदीतील सर्वांत दीर्घजीवी गुन्हेमालिकेचे बीज अशा रीतीने मराठीत रुजलेले आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

प्रदीप उप्पूर यांच्यासह सिंह यांनी ‘फायरवर्क्स’ ही निर्मितिसंस्था चालविली. १९९५ साली तिची ‘आहट’ ही मालिका सोनी वाहिनीवर सुरू झाली, आणि २१ जानेवारी १९९८ रोजी ‘सी.आय.डी.’चा पहिला भाग प्रक्षेपित झाला. साटम यांनी सहायक पोलीस आयुक्त प्रद्युम्न यांची भूमिका केली. आदित्य श्रीवास्तव, दयानंद शेट्टी, दिनेश फडणीस आणि प्रयोगशाळेतील डॉ. साळुंखे यांच्या भूमिकेत नरेंद्र गुप्ता, असा संच हळूहळू स्थिर झाला. आरंभीच्या काळात आशुतोष गोवारीकर हेही त्यात होते. लेखकांमध्ये श्रीधर राघवन यांचे नाव प्रामुख्याने घ्यावे लागते. मालिकेचे हे पहिले पर्व २७ ऑक्टोबर २०१८ पर्यंत, म्हणजे वीस वर्षांहून अधिक काळ चालले. त्यात दीड हजारांहून अधिक भाग झाले. डिसेंबर २०२४ मध्ये मालिकेचे दुसरे पर्व सुरू झाले. मध्यंतरी, २०१८च्या अखेरीस, ज्या संस्थेत सिंह शिकले तिच्याच अध्यक्षपदी त्यांची नियुक्ती झाली.

सिंह यांच्या छायालेखकाच्या वृत्तीचे एक उदाहरण येथे नमूद करणे आवश्यक आहे. २००४ साली त्यांनी ‘सी.आय.डी.’चा १११ मिनिटांचा एक भाग कोठेही न तोडता एकाच सलग चित्रणात पूर्ण केला आणि त्याची विक्रम म्हणून नोंद झाली. विक्रमाचे कौतुक बाजूस ठेवले तरी त्यातील तत्त्व विचारणीय आहे. रहस्यकथा सामान्यतः संकलनाच्या आश्रयाने उभी राहते, कारण काय दाखवावयाचे आणि काय लपवावयाचे हे कात्री ठरविते. सलग चित्रणात ही सोय राहत नाही. तेथे रहस्य टिकवावयाचे ते पात्रांच्या हालचालींतून आणि कॅमेऱ्याच्या दृष्टिकोनातून.

३. कथारूपाची रचना

सिंह यांच्या मालिकेतील भागांची घडण पुष्कळशी निश्चित आहे. प्रथम प्रेत सापडते किंवा मनुष्य नाहीसा होतो. पथक स्थळी येते. एखादी क्षुल्लक वस्तू, जसे बटण, धागा किंवा चिखलाचा डाग, हाती लागते. ती वस्तू प्रयोगशाळेत जाते व तेथून नवी दिशा मिळते. दोन-तीन संशयितांवर आळ येतो आणि फिटतो. अखेरीस पथक खऱ्या गुन्हेगारासमोर उभे राहते, त्याच्यापुढे पुरावा ठेवते, प्रसंगी त्याच्या कानशिलात बसते, आणि तो कबुली देतो. मग हेतू सांगितला जातो, आणि अधिकारी त्याला फाशीची आठवण करून देतो. येथे भाग संपतो.

या रचनेचे गुण मान्य करावयास हवेत. अतिरंजितता सोडली, तर तिने एक मोलाची गोष्ट प्रेक्षकांच्या मनावर ठसविली. ती अशी की, गुन्हा उलगडतो तो वस्तूंच्या साक्षीने. भूत-प्रेत, शकुन किंवा जातीवरून संशय यांना तेथे स्थान नाही. न्यायवैद्यक प्रयोगशाळा ही तपासाचा अविभाज्य भाग आहे, ही कल्पना लहान मुलांपर्यंत पोहोचली ती पाठ्यपुस्तकांपेक्षा या मालिकेमुळे अधिक. गुन्हेगाराचे आयुष्य आकर्षक करून दाखविण्याचा मोहही तिने बहुतांशी टाळला, आणि म्हणूनच ती सर्व कुटुंबाने एकत्र बसून पाहण्याजोगी ठरली.

परंतु या रचनेत एक पोकळी आहे. ती म्हणजे न्यायालय. कबुलीनंतर जे सुरू व्हावयाचे ते येथे संपलेले असते.

४. कायद्याची दृष्टी

पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, हा भारतीय पुरावा कायद्याचा एक आधारभूत नियम आहे. १८७२च्या अधिनियमात तो २५व्या कलमात होता. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमात तो २३व्या कलमात आला आहे. धमकी, जबरदस्ती, प्रलोभन किंवा वचन यांमुळे दिलेली कबुलीही २२व्या कलमान्वये निरुपयोगी ठरते. अर्थात मालिकेतील कानशिलात बसलेल्या चपराकेनंतरची कबुली दोन्ही कारणांनी बाद होते.

हा नियम कोठून आला, हे पाहणे उद्बोधक आहे. १८५५ साली मद्रास इलाख्यात पोलीस व महसूल कर्मचाऱ्यांकडून होणाऱ्या छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाने आपला अहवाल दिला. त्यातून असे दिसून आले की, कबुली मिळविणे हाच तपासाचा सोपा मार्ग झाला होता आणि त्यासाठी यातना दिल्या जात होत्या. म्हणून १८६१च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पोलिसांसमोरील कबुली अग्राह्य ठरविण्यात आली, आणि तीच तरतूद पुढे पुरावा कायद्यात गेली. कबुलीला किंमतच नसेल तर ती जबरदस्तीने मिळविण्याचे कारण उरणार नाही, असा त्यामागचा व्यवहारी विचार होता. म्हणजे ज्या क्षणी मालिका पूर्णतेला पोहोचते, त्याच क्षणाविषयी कायद्याला दीडशेहून अधिक वर्षे संशय आहे.

या नियमाला एक मर्यादित अपवाद आहे. आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू हस्तगत झाली, तर त्या शोधाशी स्पष्टपणे निगडित असलेला माहितीचा भाग पुराव्यात घेता येतो. यासाठी पंचांसमक्ष निवेदन नोंदविणे, आरोपीने दाखविलेल्या ठिकाणी जाणे, मुद्देमाल जप्त करून मोहोरबंद करणे, असा क्रम पाळावा लागतो. खटल्यात बचावाचा वकील नेमका याच क्रमावर घाला घालतो. पंच फितूर झाला, मोहोर नीट नव्हती, जागा सर्वांना मोकळी होती, असे मुद्दे उलटतपासणीत निघतात. खऱ्या गुन्हेप्रकरणाचे नाट्य बहुधा येथे असते. ते संथ, कागदी आणि तपशिलाचे नाट्य आहे. म्हणूनच पंचेचाळीस मिनिटांच्या भागात त्याला जागा मिळत नाही.

फाशीविषयीही असेच म्हणता येईल. शिक्षा सांगण्याचा अधिकार तपास अधिकाऱ्यास नाही, हे उघडच आहे. परंतु सत्र न्यायालयाने दिलेली मृत्युदंडाची शिक्षाही उच्च न्यायालयाने कायम केल्यावाचून अंमलात येत नाही. शिवाय बचनसिंग खटल्यातील १९८०च्या निर्णयानुसार ती केवळ विरळातल्या विरळ प्रकरणी द्यावयाची असते. आरोपीच्या अटकेचे नियम सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू प्रकरणी १९९६ साली सविस्तर घालून दिले, आणि २०१० साली सेल्वी प्रकरणी संमतीवाचून नार्को चाचणी करणे घटनाबाह्य ठरविले. मालिकेच्या पहिल्या पर्वाची वीस वर्षे आणि कोठडीतील व्यक्तीच्या हक्कांचा हा विकास बऱ्याच अंशी समकालीन आहेत.

५. दुसऱ्या अर्ध्या भागाचा शोध

ही पोकळी निर्मात्यांना जाणवली नाही असे नाही. अमेरिकेत डिक वुल्फ यांनी १९९० साली ‘लॉ अँड ऑर्डर’ ही मालिका सुरू केली. तिच्या प्रत्येक भागाचा पूर्वार्ध पोलिसांचा व उत्तरार्ध सरकारी वकिलांचा असतो. पूर्वार्धात जे निर्विवाद वाटले ते उत्तरार्धात डळमळते, पुरावा वगळला जातो, तडजोड करावी लागते आणि काही वेळा आरोपी सुटतो. ही विभागणी वरकरणी यांत्रिक वाटली तरी तिच्यामुळे तपास आणि सिद्धता यांतील भेद प्रेक्षकाला दर आठवड्यास पाहावा लागतो.

आपल्याकडे हे दोन भाग दोन वेगळ्या मालिकांत विखुरले. २०१० साली सोनी वाहिनीवरच ‘अदालत’ ही मालिका सुरू झाली. तिची निर्मिती अभिमन्यू सिंह यांच्या संस्थेची. रोणित रॉय यांनी साकारलेला वकील के. डी. पाठक हा तिचा नायक. २०१२ साली दोन्ही मालिकांची पात्रे एकत्र आणण्याचा प्रयोगही झाला. तथापि पाठक हा वकील असला तरी त्याची पद्धत गुप्तहेराची आहे. तो स्वतः पुरावा शोधतो आणि भर न्यायालयात खऱ्या गुन्हेगाराकडून कबुली वदवून घेतो. ही परंपरा १९५७ ते १९६६ या काळात अमेरिकेत चाललेल्या ‘पेरी मेसन’ मालिकेची आहे. म्हणजे कथा न्यायालयात गेली तरी शेवट कबुलीचाच राहिला. आरोप संशयापलीकडे सिद्ध करण्याची जबाबदारी फिर्यादी पक्षावर आहे आणि आरोपीने काहीही सिद्ध करावयाचे नसते, हे तत्त्व येथेही झाकलेच जाते, कारण खरा गुन्हेगार सापडल्यावाचून निर्दोष मनुष्य सुटतच नाही.

याला छेद देणारी कृती मराठी चित्रपटाने दिली. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटात मुंबईतील एका कनिष्ठ न्यायालयात लोकशाहीरावर चाललेला खटला आहे. तेथे तारखा पडतात, कागद वाचले जातात, साक्षीदार मिळत नाहीत. कोणी कबुली देत नाही आणि कोणतेही रहस्य उलगडत नाही. अत्रे आणि तेंडुलकर यांच्या नाटकांनी सुरू केलेला विचार या चित्रपटात पुढे गेलेला दिसतो. मात्र त्याचा प्रेक्षकवर्ग मालिकेच्या तुलनेने अत्यंत लहान राहिला, हेही विसरता येत नाही.

६. सास्तूरच्या दृष्टीने

या साऱ्याचा व्यवहारात काय संबंध, असा प्रश्न कोणी विचारील. त्यासाठी धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील सास्तूर हे गाव उदाहरणादाखल घेऊ. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपाने उद्ध्वस्त होऊन पुन्हा वसलेले हे गाव. अशा गावी उद्या एखादा गंभीर गुन्हा घडला तर काय होईल? मालिकेतील सहायक पोलीस आयुक्त तेथे येणार नाही, कारण ते पद पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत असते. ग्रामीण जिल्ह्याचा प्रमुख पोलीस अधीक्षक असतो आणि त्याच्या हाताखाली स्थानिक गुन्हे शाखा काम करते. राज्याचा गुन्हे अन्वेषण विभाग निराळा, त्याचे मुख्यालय पुण्यास आहे आणि निवडक प्रकरणेच त्याच्याकडे जातात. नमुन्यांची तपासणी गावाजवळ होणार नाही. ते नमुने दूरच्या विभागीय प्रयोगशाळेत जातील आणि अहवालाची वाट पाहावी लागेल. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद केली असली, तरी ती टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाची आहे. पुढे खटला सत्र न्यायालयात आणि अपील छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठात.

या दीर्घ मार्गावर गावातील माणसाला तीन भूमिका कराव्या लागतात : फिर्यादी, पंच आणि साक्षीदार. याच भूमिका मालिकेत जवळजवळ नाहीत. मराठवाड्याच्या बोलीत फिर्याद, जबानी, मुद्देमाल, वकील हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या रुळलेले आहेत. हैदराबाद संस्थानात न्यायालयाची भाषा उर्दू होती, त्याचाही तो वारसा होय. शब्द ओळखीचे, परंतु त्यांमागील प्रक्रिया अनोळखी, अशी ही स्थिती आहे. पंच म्हणून सही करणाऱ्याला आपल्या सहीवर खटला उभा राहणार आहे हे ठाऊक नसते. “आरोपीने कबूल केले होते, मग सुटला कसा?” हा प्रश्न निर्दोषतेच्या निकालानंतर विचारला जातो, तेव्हा त्यामागे मालिकेने घडविलेली न्यायाची कल्पना किती आणि प्रत्यक्ष तपासातील उणिवांचा अनुभव किती, हे वेगळे करणे कठीण असते. या प्रश्नातून न्यायालयाविषयी अविश्वास वाढतो आणि चकमकीसारख्या झटपट उपायांना लोकमताचा पाठिंबा मिळतो, हा धोका उपेक्षणीय नाही.

७. उपसंहार

सिंह यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना त्यांनी कायद्याचे पाठ द्यावयास हवे होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. रंजन हे त्यांचे काम होते आणि ते त्यांनी दीर्घकाळ, सातत्याने व शिस्तीने केले. ‘एक शून्य शून्य’पासून ‘सी.आय.डी.’पर्यंत पोलीस पथक हा कथेचा नायक करून त्यांनी या प्रकाराला एक निश्चित रूप दिले. तथापि कोणतेही कथारूप आपल्याबरोबर एक विश्वासही घेऊन येते. ‘सी.आय.डी.’ने आणलेला विश्वास असा की, सत्य कळले म्हणजे न्याय झाला. कायदा म्हणतो, सत्य कळणे पुरेसे नाही, ते योग्य मार्गाने सिद्ध झाले पाहिजे, कारण अयोग्य मार्गाने मिळालेले ‘सत्य’ पुष्कळदा असत्य असते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस या विषयात संशोधनाला भरपूर वाव आहे. मालिकेच्या निरनिराळ्या काळातील भाग घेऊन त्यांत अटक, पंचनामा, प्रयोगशाळेचा अहवाल आणि कबुली यांचे स्थान कसे बदलत गेले याची नोंद करता येईल. सास्तूरसारख्या एखाद्या गावी जाऊन, न्यायालयात साक्ष दिलेल्या व न दिलेल्या प्रेक्षकांच्या न्यायविषयक कल्पना ताडून पाहता येतील. पिंजऱ्यात एकदा उभा राहिलेला मनुष्य त्यानंतर तीच मालिका कोणत्या नजरेने पाहतो, हे त्याच्याच तोंडून ऐकणे कोणत्याही तर्कापेक्षा अधिक उपयोगी ठरेल.